मारुंजीची वाट आणि मुलांच्या हातातले पुस्तक

वाचकहो, आमच्या थोरल्या बहिणीचे सासर मारुंजी. मुळशी तालुक्यातले हे गाव. १९७८ साली अक्काचे लग्न झाले तेव्हा तिला पोचवायला गेलो होतो. हिंजवडीपासून पुढे कच्चा रस्ता होता. दोन्ही अंगांना भाताची खाचरे होती आणि बैलगाडीच्या चाकाला लागलेला चिखल मारुंजीच्या टेकडीपर्यंत सुटत नव्हता. आता तिथे जायचे तर वाट विचारावी लागत नाही. वाकडच्या पुलापाशी उतरावे, हिंजवडीकडे वळावे, शिवाजी चौकातून उजव्या हाताला कासारसाईचा रस्ता धरावा. लक्ष्मी चौक ओलांडला की मारुंजी आलेच. मात्र सकाळी नऊच्या सुमारास निघालात तर गाड्यांच्या रांगेत अडकून पडाल. त्यापेक्षा जुनी बैलगाडी लवकर पोचत होती, असे आमचे दाजी म्हणतात आणि ते फारसे खोटे नाही.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हिंजवडीला राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान पार्क उभे राहिले आणि शेजारच्या गावांचे रूपच पालटले. दाजींच्या घराच्या गच्चीवर उभे राहिले की चहूकडे वीस-वीस मजल्यांच्या इमारती दिसतात. त्यांच्या मधल्या सापटीत कुठे एखादे खाचर, कुठे गवताची गंजी, कुठे दोन म्हशींचा गोठा अजून तग धरून आहे. पलीकडे कासारसाईला संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे. हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या आणि संगणक कंपन्यांच्या चकचकीत बसगाड्या या भागात एकमेकींना वाट देत चालतात. दाजींनी बरेचसे रान विकले आहे, काही राखले आहे. उरलेल्या रानात इंद्रायणी भात होतो. घरापुढे खोल्या बांधून भाड्याने दिल्या आहेत. एकूण बरे चालले आहे.

यंदा जूनच्या मध्यास, शाळा उघडल्या त्याच आठवड्यात मी तिकडे दोन दिवस गेलो होतो. गेलो होतो बहिणीला भेटायला, पण दोन्ही दिवस बोलणे झाले ते शाळेतल्या पोरांच्या पुस्तकांचे. तुमच्या गावातही आज ना उद्या हाच प्रश्न येणार आहे, कदाचित आलाही असेल. म्हणून ही हकीकत सविस्तर सांगतो.

सूनबाईंचा प्रश्न

अक्काची सून जवळच्याच एका प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीत आहे. शाळेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण तिथे जे पाहिले ते आता पुष्कळ शाळांत दिसते. रात्री जेवणे झाल्यावर सूनबाई म्हणाली, "मामा, एक विचारू का? शाळेला एका कंपनीकडून मदत मिळणार आहे. समितीला विचारलंय, काय हवं ते सांगा. निम्मे म्हणतात, अजून दोन वर्गांत डिजिटल फळे बसवा आणि पोरांना टॅब घ्या. निम्मे म्हणतात, पुस्तकं घ्या. शनिवारी बैठक आहे. मी काय सांगू?"

कंपन्या अशी मदत करतात त्यामागे कायदा आहे. कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक नफ्यापेक्षा मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजाच्या कामावर खर्च करावी लागते. कारखानदारीच्या पट्ट्यातल्या गावांना म्हणूनच असे विचारणे होते. आणि शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. म्हणजे काय मागायचे हे ठरवण्याचा मोठा वाटा आपल्यासारख्या आईबापांच्या हातात आहे. चहा पिऊन सही करून येण्याची ती जागा नव्हे.

मी लगेच उत्तर दिले नाही. म्हटले, आधी पोराला जरा पाहू.

पोरगा दुसरीत आहे. मोठा चुणचुणीत. आईचा मोबाईल घेऊन त्याने पाठाचे चलचित्र लावले आणि पडद्यावरच्या बाईबरोबर सगळा धडा घडाघडा म्हणून दाखवला. अक्काचे डोळे कौतुकाने भरून आले. मग मी शाळेतून नुकतेच मिळालेले त्याचे पुस्तक घेतले. त्यातला तो न पाहिलेला एक धडा काढला, चित्रावर तळहात ठेवला आणि म्हटले, "हे वाच बरं, बाळ." पहिला शब्द निघाला. दुसरा निघाला. जोडाक्षर आले आणि गाडी अडली. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि अंदाजाने भलताच शब्द ठोकून दिला. मघाशी तो वाचत नव्हता, आठवत होता. पडदा पुढे बोलत होता आणि हा मागून म्हणत होता.

पोराचा यात काही दोष नाही. मोबाईलमधली बाई थांबत नाही. पोर अडले आहे हे तिला दिसत नाही. पुस्तक मात्र पोर थांबले की थांबते.

आमच्या घरची चूक

मी हे ओळखले, कारण आमच्या घरी हेच झाले होते. माझी नात २०२० च्या जूनमध्ये पहिलीत गेली. गेली म्हणजे नाव घातले एवढेच. करोनामुळे मार्चपासून शाळा बंद होत्या. शिक्षण मोबाईलवर येणार असे कळले म्हणून मी दोन शेळ्या विकून मोबाईल घेतला. त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता आणि चांगल्या लोकांनी चांगली धडपडही केली. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' नावाची मालिका लागे. तीत घरच्या घरी करायचे उद्योग दाखवीत आणि आमची नात ते आवडीने करी. पण बाकीचा दिवस मोबाईल तिच्या हातात आणि आम्ही रानात. पोर शिकते आहे असे आम्ही धरून चाललो. ग्रामीण भागातल्या पहिली ते चौथीच्या शाळा १ डिसेंबर २०२१ ला उघडल्या. तेव्हा नात दुसरीच्या मध्यावर होती आणि तिला साधी दोन वाक्ये वाचता येत नव्हती. दोन शेळ्या गेल्याचे दुःख नाही. दीड वर्ष तिच्या शेजारी बसलो नाही, याचे आहे.

आमचे घर काही एकटे नव्हते. देशभरच्या खेड्यांत होणारी 'असर' ही पाहणी सांगते की तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा धडा वाचू शकणारी मुले २०१८ साली शंभरात सुमारे २७ होती. २०२२ साली ती २०.५ वर आली आणि २०२४ साली पुन्हा २७.१ झाली. शाळा उघडल्या, गुरुजी समोर उभे राहिले, तेव्हा घसरण भरून निघाली. पण वाचकहो, भरून निघाली तरी शंभरातली सत्तरच्या वर मुले अजून अडखळतच आहेत, हे विसरू नका.

हे सारे मी सूनबाईला सांगितले. दाजी इतका वेळ तंबाखू मळत ऐकत होते. ते म्हणाले, "पाव्हणं, आमच्या बापाला वाचता येत नव्हतं. एका दलालानं कागद आणला. म्हणाला, विहिरीच्या वाटेचा हाय. बापानं अंगठा दिला. ते निघालं पंधरा गुंठ्यांचं साठेखत. अकरा वर्सं कोर्टात घातली. ह्या पोराला मोबाईल चालवता येतोय, त्याचं कौतुक हायच. पण त्याच्यापुढं कुणी दहा पानांचा कागद टाकला तर त्यो शेवटाला जाईल का?"

माझ्या मते सगळा प्रश्न दाजींनी एका वाक्यात मांडला. शेतकऱ्याच्या घरी वाचन म्हणजे केवळ करमणूक नव्हे. सातबारा, फेरफार, कर्जाचा करार, भूसंपादनाची नोटीस, औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर, हे सगळे लांबलचक आणि रूक्ष असते. ते सावकाश वाचायची सवय पहिली ते चौथीत लागली नाही, तर पुढे लावणे फार अवघड जाते.

शाळेत पाहिले ते

दुसऱ्या दिवशी सूनबाईबरोबर शाळेत गेलो. पावसाची रिपरिप होती. वर्गात भिंतीवर डिजिटल फळा होता. तिसरीच्या बाई परिसर अभ्यास शिकवीत होत्या. त्यांनी फळा लावला आणि बीज रुजते कसे, मूळ खाली आणि अंकुर वर कसा येतो, ते दाखवले. चार दिवसांची गोष्ट चार क्षणांत दिसली. पोरे आ वासून पाहत होती आणि खरे सांगतो, पन्नास वर्षे भात पेरलेला मीही पाहतच राहिलो. सहा-सात मिनिटे झाली आणि बाईंनी फळा बंद केला. "आता पुस्तक काढा, बोट ठेवा, मनात वाचा." वर्ग शांत झाला. बाई बाकाबाकांतून फिरू लागल्या. जिथे बोट थांबले तिथे त्या थांबत होत्या.

मधल्या सुट्टीत मी त्यांना विचारले, "बाई, पडदा बरा की पुस्तक?" त्या हसल्या. म्हणाल्या, "जे पुस्तकाला दाखवता येत नाही तेवढं पडद्यावर दाखवते. वाचायला मात्र पुस्तकच. पडदा लावला की मुलं माझ्याकडं बघत नाहीत आणि मलाही कोण अडलं ते कळत नाही." शेजारच्या वर्गातला फळा गेल्या दिवाळीपासून बंद आहे. दुरुस्तीला पैसा कोण देणार हे ठरलेले नाही. त्याच्यावर आता कागदी तक्ता टांगला आहे.

मग बाईंनी आणखी एक गोष्ट दाखवली. कोपऱ्यात गोष्टींच्या पुस्तकांचे लोखंडी कपाट होते. ते पूर्वी कुलपात असे, कारण पुस्तक फाटले तर जबाब कोण देणार? बाईंनी भिंतीला दोरी बांधली आणि पुस्तके तिच्यावर वाळत घातल्यासारखी टांगून ठेवली. मुलाने हवे ते काढावे, वाचून परत टांगावे. दोन महिन्यांत चार पुस्तके फाटली. बाई म्हणाल्या, "फाटली म्हणजे वाचली." तेव्हा वाचकहो, पडदा विरुद्ध पुस्तक हे भांडण करताना आपल्या शाळेतले पुस्तक कुलपात तर नाही ना, हेही पाहा. कुलपातल्या पुस्तकापेक्षा चालू पडदा बरा म्हणावा लागेल.

बाहेरच्या जगात काय चालले आहे

तुम्ही म्हणाल, हे म्हाताऱ्याचे जुने तुणतुणे आहे, जग कुठे चालले आहे! तर जगातले ऐका. स्वीडन हा युरोपातला पुढारलेला आणि श्रीमंत देश. तिथल्या शाळांत संगणक आणि टॅब फार लवकर आले. त्याच देशाच्या सरकारने २०२३ साली शाळांना छापील पुस्तके घेण्यासाठी ६८ कोटी ५० लाख क्रोनर, म्हणजे त्यांचे चलन, मंजूर केले, कारण लहान मुलांचे वाचन मागे पडले अशी काळजी त्यांना वाटू लागली. त्याच वर्षी युनेस्कोनेही आपल्या शिक्षण अहवालात बजावले की यंत्र हे शिक्षकाच्या जागी नको, त्याच्या हाताखाली असावे.

नॉर्वेतल्या संशोधकांनी २०२१ साली १ ते ८ वर्षांच्या १,८१२ मुलांवर झालेले ३९ अभ्यास एकत्र करून पाहिले. तीच गोष्ट कागदावर आणि तीच पडद्यावर दिली, तर कागदावरची मुलांना जास्त कळली. मात्र पडद्यावरचे चित्र गोष्टीच्या अर्थाला धरून हलत असेल तर पडद्याचाही उपयोग होतो, असेही त्यांना आढळले. आणि मोठे माणूस जवळ बसून पुस्तक वाचून दाखवते, त्याची सर मुलाने एकट्याने पाहिलेल्या पडद्याला येत नाही. तिसरीच्या त्या बाईंनी हा अभ्यास वाचला असेल की नाही कोण जाणे, पण त्या करतात ते हेच.

आपल्या महाराष्ट्रातही दोन्हींची सांगड घालणारे शिक्षक आहेत. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांवर क्यूआर कोडचे चौकोन चिकटवले. चौकोनावर मोबाईल धरला की त्या धड्याची कविता ऐकू येई, चित्र दिसे. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरच्या त्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. आता बालभारतीच्या पुस्तकांवरही असे कोड छापलेले असतात. लक्षात घ्या, गुरुजींनी पुस्तक काढून टाकले नाही. पुस्तकाच्या पानालाच खिडकी पाडली.

परतीच्या वाटेवर

परत येताना बस विद्यापीठ चौकात आली आणि मी तिथेच उतरलो. पुढे सेनापती बापट रस्ता लागतो. १९२१ साली धरणात जाणाऱ्या जमिनींसाठी मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, त्याचे नेतृत्व करणारे हेच ते बापट. त्यांच्या नावाच्या रस्त्यावर बालभारतीची इमारत उभी असावी, हे मला योग्य वाटते. १९६७ साली ही संस्था स्थापन झाली. तुमच्या आमच्या घरातल्या तीन पिढ्यांची अक्षरओळख तिच्या पुस्तकांनी करून दिली. १९७१ पासून ती 'किशोर' मासिक काढते. आमच्या नातीला वाचनाच्या वाटेवर परत आणले ते 'किशोर'च्या जुन्या अंकांनी आणि तिच्या आजीने. रोज संध्याकाळी अर्धा तास, सहा महिने.

त्याच आवारालगत 'बालचित्रवाणी' होती. १९८४ साली ती सुरू झाली तेव्हा आता दूरचित्रवाणी पोरांना शिकवणार म्हणून केवढा गाजावाजा झाला होता! मुलांसाठी हजारो कार्यक्रम तिथे तयार झाले आणि त्यांतले कित्येक सुंदर होते. पुढे अनुदान आटले आणि २०१७ साली ती बंद पडली. मला त्याचा आनंद नाही, वाईटच वाटते. पण एक गोष्ट मनात आली. पडद्याला वीज लागते, दुरुस्ती लागते, दरसाल पैसा लागतो. तो आटला की पडदा काळा होतो. थोरल्या भावाचे पुस्तक मात्र धाकटीच्या कामी येते.

पुस्तकाबाबतही सरकारचे प्रयोग चुकतात. दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून २०२३ साली पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पाने घातली. मुलांच्या वह्या काही कमी झाल्या नाहीत आणि २०२५ साली तो निर्णय मागे घ्यावा लागला. चूक झाली तर दुरुस्त करावी, त्यात कमीपणा नाही. हे पडद्याच्या बाबतीतही लागू आहे.

तुमच्या घरी काय करता येईल

यासाठी फार पैसा लागत नाही. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली एक रीत सुरू केली. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे टीव्ही, मोबाईल बंद होतात. पोरे अभ्यासाला बसतात. सगळ्या गावाला जमले नाही तरी एका घराला जमेल. धारा काढून झाल्या, चूल पेटली, की अर्धा तास पोराला जवळ घ्या आणि त्याच्याकडून वाचून घ्या. तुम्हाला स्वतःला वाचता येत नसेल तरी चालेल. आमची अक्का चौथी शिकलेली, चष्म्याशिवाय तिला दिसत नाही. मी निघालो त्या संध्याकाळी ती नातवाच्या शेजारी बसली, त्याचे बोट आपल्या हातात धरले आणि म्हणाली, "मला दिसत न्हाई बाबा, तूच सांग काय लिहिलंय." पोराने जोडाक्षर तीनदा चुकवले आणि चौथ्यांदा बरोबर काढले.

पालकसभेला जा. शाळेत पुस्तकांचे कपाट उघडे असते का ते विचारा. पडदा असेल तर तो रोज किती वेळ चालतो आणि त्यानंतर मुले काय वाचतात ते विचारा. नवे यंत्र कोणी देऊ केले तर दुरुस्ती कोण करणार हे सही करण्यापूर्वी विचारा.

शनिवारी रात्री सूनबाईचा फोन आला. बैठकीत बरीच वादावादी झाली म्हणे. शेवटी ठरले ते असे: नवा फळा नको, बंद पडलेला दुरुस्त करून घ्यावा आणि उरलेल्या पैशांत प्रत्येक वर्गात गोष्टींची पुस्तके आणि बिनकुलपाचे कपाट. टॅबचा विचार पाचवीनंतर. काही पालक नाराज आहेत. त्यांना वाटते आपली पोरे समोरच्या इमारतींतल्या पोरांच्या मागे पडतील. "मामा, त्यांना काय सांगू?" तिने विचारले.

मी म्हटले, "त्यांना दाजींच्या वडिलांच्या अंगठ्याची गोष्ट सांग."